मर्नाताईंची काचेची डिश

मित्रांनो, माझ्या तळाला एक पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर शाईनं ‘जोर्गेनसन’ हे आमच्या घरचं आडनाव लिहिलेलं आहे. वय वर्षे बावीस. मी काचेची, लांबट, खोलगट डिश आहे. ओव्हनमध्ये जाते, तापते, बाहेर येते आणि भुकेल्या माणसांच्या मधोमध जाऊन बसते. माझा एक कोपरा जरासा टवकलेला आहे. तरीसुद्धा युटामधल्या आमच्या या गावात माझ्याइतकी स्वयंपाकघरं आतून पाहिलेली दुसरी डिश सापडायची नाही. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या भट्टीचं मला फारसं आठवत नाही. खोक्यातला अंधार मात्र आठवतो, कारण तो लांबला होता. मग एके दिवशी खोकं उघडलं आणि समोर नवी नवरी, म्हणजे आमच्या मर्नाताई! त्यांच्या तीन मावश्यांनी एकमेकींना न विचारता तीन सारख्याच डिश आहेरात आणल्या होत्या. मी त्यातली एक. नवरदेव डेल हसत म्हणाले, “यातल्या दोन बदलून आणू या का?” मर्नाताई म्हणाल्या, “राहू देत. लागतील आपल्याला.”

लागल्याच. वर आणखी दीड-दोन डझन घ्याव्या लागल्या.

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रत्येक जण दुसऱ्याचा भाऊ नाहीतर बहीण. पंचाहत्तरीचा म्हातारासुद्धा तिशीतल्या बाईला ताईच म्हणतो. म्हणून मीही त्यांना मर्नाताईच म्हणते. त्यांना पाच मुलं झाली: थोरला थेरन, मग टॅमसिन, मग जुळे भाऊ आणि शेवटी पर्ली. डेल शाळेची बस चालवतात, त्यामुळे घर पहाटे पाचलाच जागं होतं. पियानोच्या सरावासाठी रांग, एकाच बाथरूमसाठी त्याहून मोठी रांग, बुटाची एक जोडी कायम हरवलेली. पण सोमवारची संध्याकाळ घरच्यांची. त्या दिवशी कुणी कुठेही जायचं नाही. आधी गाणं, मग प्रार्थना, मग धडा, मग भांडण, आणि शेवटी माझ्यातला पीचचा गरम गोड पदार्थ. हा क्रम मी कधी बदललेला पाहिला नाही.

माझं खरं काम मात्र घराबाहेर होतं. मर्नाताई चर्चच्या महिला मंडळात जेवणांची यादी सांभाळत. कुणाला बाळ झालं, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या घरी मृत्यू झाला, की त्या घराचं नाव यादीत चढायचं आणि रोज एकेका घरातून जेवण जायचं. कुणी चुकलं, विसरलं, तर मर्नाताई स्वतः उभ्या राहायच्या. मी त्यांच्या मांडीवर बसून, टॉवेलात गुंडाळलेली, सगळं गाव फिरले. त्यातही माझी खासियत म्हणजे मयताचे बटाटे. नावावर जाऊ नका हं! किसलेला बटाटा, चीज, आंबट साय आणि वर कुरकुरीत मक्याच्या पोह्यांचा थर. मयताच्या घरी नेतात म्हणून ते नाव पडलं, पण नाताळातसुद्धा हेच आधी संपतात. डिश ठेवून निघताना मर्नाताई एकच वाक्य बोलायच्या, “भांडं राहू द्या, घाई नाही.”

या वाक्यानंच माझा घात केला.

गेल्या मार्च महिन्यात लव्हेल स्टुकीभाऊंची बायको अडेला वारली. मी बटाटे घेऊन गेले. भाऊंनी ते तीन दिवस पुरवून पुरवून खाल्ले, मला स्वच्छ घासलं, पुसलं आणि फ्रिजवर ठेवलं. मी म्हटलं, चला, रविवारी घरी. रविवार आला नि गेला. असे कितीतरी रविवार गेले. गोष्ट अशी होती, की अडेलानं पन्नास वर्षांच्या संसारात कुणाची डिश रिकामी परत केली नव्हती. आणि भाऊंना तर अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं. चर्चला निघताना ते माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “अडेला असती तर तुला रिकामी पाठवली नसती गं.” मग मला तिथेच ठेवून जायचे. हळूहळू माझ्यात बियांच्या पुड्या पडल्या, मग चष्म्याचं तुटकं घर, मग स्क्रू. माझ्यावर धूळ बसली. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला रडू यायचं. ज्या पोटात कायम वाफाळतं जेवण असायचं, त्यात स्क्रू! घरी मुलं केवढी झाली असतील, माझी आठवण तरी कुणाला असेल का, असं सारखं मनात यायचं.

जानेवारीच्या शेवटी ब्रिन आली. ही तरुण मुलगी यादीच्या कामात मर्नाताईंची मदतनीस. कोट काढायच्या आधीच तिनं बोलायला सुरुवात केली.

“स्टुकीभाऊ, कळलं का? मर्नाताई पडल्या. एका बाळंतिणीकडे सूप नेत होत्या, बर्फावरून पाय सटकला. पायाची दोन हाडं मोडली. सहा आठवडे पाय टेकायचा नाही!”

“अरे देवा. आणि सूप?”

“सूप गेलं, त्यांची आहेरातली डिशपण फुटली.”

ती फुटलेली डिश म्हणजे माझ्याबरोबर आहेरात आलेली माझी बहीण. मला तिचा निरोपसुद्धा घेता आला नाही.

“मग त्यांच्याकडे जेवण कोण पोचवतंय?” भाऊंनी विचारलं.

“कुणी नाही! यादी त्यांच्याच हातात, आणि स्वतःचं नाव त्या घालतील तर शपथ. मी गरम जेवण घेऊन गेले, तर सोफ्यावरून ओरडल्या, ‘ब्रिन, ते त्या बाळंतिणीकडे ने, आमचं भागतंय.’ आपल्या मंडळीच्या बिशपांनासुद्धा तेच ऐकवलं. भागतंय कसलं, डोंबल! डेलभाऊ दोन-दोन फेऱ्या करतात. ती टॅमसिन शाळेतून येते आणि रोज धिरडी घालते. गायनाच्या संघातून नाव काढून घेतेय म्हणाली. एवढा सुरेख आवाज पोरीचा! तळघरात वर्षभराचा गहू भरून ठेवलाय त्यांनी संकटासाठी. आता संकट आलंय, तर गहू दळायला हात नकोत का?”

भाऊंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

“त्यांची डिश आहे माझ्याकडे,” ते पुटपुटले. “मार्चपासून. रिकामी कशी द्यायची, म्हणून...”

“माझ्याकडे दोन आहेत,” ब्रिन म्हणाली, आणि एकदम थांबली. “भाऊ, आपण नेलेलं जेवण त्या परत पाठवतात. पण स्वतःची डिश कशी परत पाठवतील?”

“रिकामी नाही हं द्यायची.”

“मी कुठे रिकामी म्हणतेय?”

दोघं लहान मुलांसारखी हसली. मला खाली उतरवलं, स्क्रू काढले, गरम पाण्यानं घासलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

दिवस ठरला तो महिन्याचा पहिला रविवार. आमच्याकडे त्या दिवशी उपास. दोन वेळा काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही, आणि संध्याकाळी प्रार्थना करून सोडायचा. ब्रिननं कृती मोठ्या अक्षरांत लिहून दिली होती. भाऊंनी अडेलाचा एप्रन बांधला, बटाट्याबरोबर थोडं बोटही किसलं, चीज घातलं, मीठ घातलं. तेवढ्यात मुलीचा फोन आला. फोन ठेवून आले आणि मीठ घातलं. मग ओव्हन तापवला, चष्मा पुसला आणि कागदावर ‘मीठ’ लिहिलेलं दिसलं. घातलं होतं का? दुसरा कुठलाही दिवस असता तर बोट चाटून लगेच कळलं असतं. पण उपास! पाच वाजेपर्यंत जिभेला कण लावायचा नाही. “कमी नको पडायला,” म्हणत भाऊंनी पुन्हा मीठ घातलं. मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. पण काचेला तोंड कुठे असतं?

पाचला आम्ही जोर्गेनसनांच्या दारात उभे होतो. अकरा महिन्यांनी मी माझ्या घरी आले होते! दार टॅमसिननं उघडलं. ती आईएवढी उंच झाली होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आत गेल्यावर मी भराभर सगळं पाहून घेतलं. भिंतीवर पेरू देशाचा नकाशा लागला होता आणि शेजारी थेरनचा पांढऱ्या शर्टातला, छातीवर काळी नावपट्टी असलेला फोटो. म्हणजे तो धर्मप्रचारासाठी दोन वर्षांच्या मिशनवर तिकडे गेला होता. जुळ्यांचा बाप्तिस्म्याचा फोटो होता, आमच्याकडे तो आठव्या वर्षी होतो, म्हणजे ते आठ वर्षांचे झाले होते आणि आता उपासही धरत होते. दोघंही भुकेनं पार गळून गेलेले. पर्लीचे पुढचे दोन दात गायब. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, पियानोवर कपड्यांचा. आणि सोफ्यावर, पाय उशांवर ठेवून, माझ्या मर्नाताई. त्या केवढ्या दमलेल्या दिसत होत्या!

“मर्नाताई, तुमची डिश परत करायला आलोय,” भाऊ म्हणाले. “उशीर झाला, माफ करा.”

“अहो, घाई कुठे होती... हे काय, भरलेली?”

“रिकामी आणायची अडेलाची परवानगी नाही.”

मर्नाताईंचा चेहरा बदलला. “तुम्हाला ब्रिननं पाठवलंय ना? स्टुकीभाऊ, मनापासून आभार. पण तुम्ही एकटे आहात, हे तुम्हीच ठेवा. आमचं भागतंय. टॅमसिन छान...”

“आई, पुरे!” टॅमसिन म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “नाही भागत! मला धिरड्यांचा वास आला तरी रडू येतं. तू सगळ्या गावाला जेवण पोचवलंस. एकानं तरी तुला कधी दारातून परत पाठवलं का गं?”

डेल आपल्या बुटांकडे बघत राहिले. मी भाऊंच्या हातात गार होत चालले होते. मला भीती वाटली, की आता मी पुन्हा त्या फ्रिजवर जाणार.

“टेबल इकडे सोफ्यापाशी लाव,” शेवटी मर्नाताई म्हणाल्या. “आणि भाऊंना खुर्ची दे.”

डेलनी प्रार्थना केली. जुळ्यांनी ‘आमेन’ म्हणता म्हणताच घास घेतला, आणि दोघांचेही जबडे जागच्या जागी थांबले. डेलनी पाण्याचा ग्लास उचलला. सगळे शहाण्यासारखे गप्प होते. पण पर्ली पाच वर्षांची.

“हे बटाटे त्या खारट सॉल्ट लेक तळ्यात पडले होते का?”

भाऊंनी एक घास घेतला आणि डोळे मिटले. “उपास होता,” ते म्हणाले. “चाखता आलं नाही.”

आधी मर्नाताईंचे खांदे हलले. मग त्या हसत सुटल्या, इतक्या की पायाला धरून “आई गं, दुखतंय” म्हणत हसत राहिल्या. मग सगळं टेबल हसलं, भाऊसुद्धा. आणि हसता हसता मर्नाताई कधी रडायला लागल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

“अकरा महिन्यांत स्वतःसाठी काही शिजवलंत का हो?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

मर्नाताईंनी त्यांच्या बोटावरच्या पट्टीकडे पाहिलं. “आणि माझ्यासाठी बोट किसून घेतलंत.” त्यांनी ताट पुढे केलं. “वाढ गं टॅमसिन, आणखी एक डाव. आणि सगळ्यांना दूध दे, भरपूर. परवा गाण्याच्या सरावाला जायचं हं तू, ऐकलंस?”

टॅमसिननं मान डोलावली. तिनं आईच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

“भाऊ, गावात अजून किती भांडी आहेत माझी?”

“ब्रिन म्हणाली चौदा.”

मर्नाताईंनी उशाखालची यादीची वही काढून टॅमसिनपुढे सरकवली. “लिही. जोर्गेनसन, चौदा दिवस. रोज एकच भांडं परत, भरून.” मग डोळे पुसत म्हणाल्या, “आणि खाली लिही, मीठ बेतानं.”

मित्रांनो, मी पुन्हा माझ्या फळीवर आले आहे. दर सोमवारी स्टुकीभाऊ जेवायला येतात आणि आता अंडं घालून काहीबाही करूही शिकले आहेत. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाची डिश तुमच्याकडे राहिली असेल, तर भरायला काही नाही म्हणून लाजू नका. जशी असेल तशी नेऊन द्या, तिचं घर तिची वाट बघत असतं. आणि उद्या तुमचा पाय मोडला, घर विस्कटलं, आणि दारात कुणी गरम भांडं धरून उभं राहिलं, तर ‘आमचं भागतंय’ म्हणू नका. त्या माणसाचे हात भाजत असतात. दार उघडा आणि त्याला आत घ्या.