न घेतलेलं मौन

मानेची शीर तटतटली पाहिजे, तरच आवाज मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत जातो, असं मला गुणमालाकाकूंनी शिकवलं. आमच्या सांगलीकडच्या जैन गावांत पंचकल्याणक पूजा म्हणजे गाणाऱ्यांची परीक्षाच. सकाळच्या अभिषेकाला गायला बसलं की संध्याकाळच्या आरतीलाच उठायचं. काकू पेटीवर, मी शेजारी. वरच्या पट्टीतली सगळी पदं माझ्या गळ्यात. घसा सोलवटून निघाला की काकू म्हणायच्या, "फुटल्याबिगर गळा पिकत न्हाई, प्रीती. रड, पन वरचा सूर सोडू नको." मी कसली सोडते. मला वाटायचं, बाई माझ्यावर मेहनत घेतेय.

त्यांची लेक त्रिशला माझ्याच वयाची. तिला मात्र त्या टाळ देऊन बसवायच्या. तिचा गळा नाजूक हाय, म्हणायच्या. मला तिची कीव यायची.

यंदा पूजा आमच्याच गावाला मिळाली. पदं मी म्हणायची, हे काकूंनी चारचौघांत सांगितलं होतं. आईनं आजोळी कळवून टाकलं. आणि पूजा दोनेक महिन्यांवर असताना माझा आवाज बसला. मिरजेच्या डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून दाखवलं, स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. "ताणून गाण्यानं होतं हे. आधी काही दिवस एक शब्दही बोलायचा नाही. मग आमच्या बाई तुम्हाला नव्यानं गायला शिकवतील. पूजेला गाल तुम्ही," ते म्हणाले. हे सगळं मी फोनवर लिहून घरी दाखवलं आणि काकूंना पाठवलं. आणखी कुणाला नाही.

दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अभिषेक आटोपला आणि काकू देवासमोर उभ्या राहिल्या. "आपल्या प्रीतीनं पूजा पार पडंपतोर मौनाचा नियम घेतलाय. आता पदं आमची त्रिशला म्हनंल." सगळे माझ्याकडे वळले. मी जोरजोरात मान हलवली, हात हलवले. बायकांना तो माझा विनय वाटला. एकीनं तर माझी दृष्ट काढली. मलाही नंतर वाटलं, लोकांनी खोदून विचारू नये म्हणून काकूंनी माझी लाज झाकली असेल. बरी झाले की त्याच सांगतील सगळ्यांना. काकूंबद्दल वाईट विचार करायची मला सवयच नव्हती.

बोलायची परवानगी मिळाल्यावर मिरजेच्या बाईंनी शिकवायला घेतलं. "गळ्यानं काहीच करायचं नाही. जांभई देताना घसा आतून उघडतो ना, तसा राहू दे. जबडा सैल, जीभ निवांत. जोर पोटाचा," त्या म्हणाल्या. मग पाण्याचा ग्लास आणि एक नळी हातात दिली. नळीतून सूर सोडत बुडबुडे काढायचे. पहिले बुडबुडे आले आणि मी नळी खाली ठेवली. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. काकू रोज पहाटे परसात पपईचा पोकळ देठ तांब्यात बुडवून हेच करायच्या. मी विचारलंही होतं एकदा. "दम्यावरचा उतारा हाय. तुला काय करायचाय?"

एसटीतून उतरले ती तडक त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरातून बुडबुडे ऐकू येत होते आणि त्यांच्याबरोबर सूर चढत होता, अगदी वरच्या षड्जापर्यंत. त्रिशला पाटावर बसलेली, खांदे खाली, हातात पपईचा देठ. काकू शेजारी बसून मांडीवर ताल देत होत्या.

"सैल सोड, बाळा. गळा तानशील तर प्रीतीवानी हुईल."

मग त्यांनी मला पाहिलं. दचकल्यासुद्धा नाहीत.

"का केलंसा, काकू?" मी विचारलं.

"हळू. तुजं मौन हाय न्हवं?" त्या म्हणाल्या आणि उठून मला बाहेरच ठेवून दार लावून घेतलं.

घरी आले. आईला सगळं सांगायला लागले, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "डॉक्टरचं मला म्हाईत हाय, बाई. गावाला कुठं म्हाईत हाय? देवाम्होरं बोललेला नियम हाय. लोक काय म्हनतील?" आमच्यात नियम मोडलेल्या पोरीचं नाव किती वर्षं निघतं, ते मलाही ठाऊक होतं. पूजेपर्यंत घराबाहेर मी कुणाशी बोलले नाही.

पूजेच्या दिवशी मंडप भरला. मला बायकांत पुढे बसवलं होतं. त्रिशला गायली. छान गायली, खोटं कशाला बोलू. मधे थोडा खंड पडला तेव्हा शेजारची एक म्हातारी वाकून माझ्या पायांना हात लावायला लागली. "धन्य हाईस, लेकी," म्हणाली. तेवढं मात्र मला सोसलं नाही.

"मी मौन घेतलंच न्हवतं, आजी. माझा गळा बसला हुता. आता बरा हाय."

गळा न ताणता बोलले, तरी मंडपभर ऐकू गेलं. काकूंनी पेटीवरचे हात उचलले, माझ्याकडे मायेनं बघितलं.

"जाऊ द्या बायांनो. लेकरू हाय. न्हाई पेलला नियम," त्या म्हणाल्या आणि त्रिशलाला सूर दिला.

म्हातारीनं माझ्या पायांवरचा हात काढून घेतला आणि पदराला पुसला.