दहाव्याला आलेली काणी

आमच्या तापीकाठी डोमकावळे बोलत, हे बाहेरच्यांना पटत नाही. ब्राह्मणपुरी गावात त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. माणसांपेक्षा कमी बोलायचे आणि बोललेलं पाळायचे, एवढाच काय तो फरक.

१९५८ साली केळीवर सावली पडते म्हणून भाईदासने बांधावरची चिंच पाडायला काढली. चिंचेवर घरटं केलेली डोमकावळ्याची मादी खाली उतरली, रीतसर म्हणाली, "पंधरा दिवस थांब. पिलं उडू दे."

"झाड मन्हं शे," भाईदास म्हणाला.

चिंच पडली, तीन पिलं गेली. फांदी लागून मादीचा एक डोळाही गेला. गाव तिला काणी म्हणू लागलं. काणीने काहीच केलं नाही. भाईदास पारावर सांगे, "पाखरू शे, भुली गयं."

चार वर्षांनी त्याची आई, तापीबाई, वारली. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर चाळीस डोमकावळे, मधोमध काणी. एकही खाली येईना.

मेलेल्याची इच्छा ओळखून शब्द दिला की कावळा शिवतो. भाईदासने हात जोडले. "माय, दगूले दर साल माहेरी आणसू." बहीण दगूबाईने त्याच्याकडे पहिल्यांदाच निरखून पाहिलं. "मारुतीले कळस चढावसू. तंबाखू सोडसू." कावळे सभ्यपणे ऐकत होते. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा वळून ठेवला. एका डोमकावळ्याने तो उलटसुलट पाहिला आणि उचलून नेला. घरट्याला गवत लागतंच.

"भाऊ," दगूबाई म्हणाली, "मायनी नई, त्या काणीनी इच्छा इचार."

भाईदासने टोपी वाळूवर ठेवली. "मन्हं चुकनं. मन्ही मायले अडकाडू नको."

काणी खाली आली. "तुन्ही माय आमले रोज भाकर टाके. तिन्हावर राग नई."

"मंग तासभर बसनात कसाले?"

"तुले घाम फुटताना देखाले."

तिने पिंडाला चोच लावली, भात गिळला आणि उडता उडता म्हणाली, "तुन्हा दहावा बी येईच, भाईदास. आमले घाई नई."

भाईदासने बांधावर अकरा चिंचा लावल्या. केळीवर आता भरपूर सावली पडते. रोज सकाळी तो तूप लावून गरम भाकर टाकतो आणि हात जोडून विचारतो, "मंग, शिवशात ना?"

काणी भाकर संपवते. चोच फांदीला पुसते.

"देखसूत."