कशासारखं, एवढंच सांग

संपादक आली तेव्हा मी सिंकखाली आडवा होतो. पाइप गळत नव्हता. तरी मी तो खोलून बसलो होतो. बायको जाऊन एकोणीस दिवस झाले होते आणि हातांना काहीतरी काम हवं होतं.

"काका, दार उघडंच आहे," ती बाहेरून म्हणाली.

"मग ये की आत."

ती तिशीतली आहे. एक छोटं साप्ताहिक चालवते. माझी बायको त्यात सहा वर्षं 'तीन गोष्टी' नावाचं सदर लिहायची. दर आठवड्याला एक अल्बम, कुठल्या कंपनीने न काढलेला, चार पोरापोरींनी आपल्याच खोलीत बसून केलेला. एक भयपट. आणि एक क्राफ्ट बिअर, म्हणजे एखाद्या गाळ्यात तीन-चार जणांनी मिळून बनवलेली. या तिघांचा एकमेकांशी काय संबंध, असं मी तिला सुरुवातीलाच विचारलं होतं. ती म्हणाली, "तिन्ही गोष्टी लोक हौसेने करतात आणि तिन्ही बहुतेक वेळा फसतात. कुणीतरी नीट बघून सांगायला नको?"

मी लिफ्ट दुरुस्त करतो, बत्तीस वर्षं झाली. सदर मी कधी वाचलं नव्हतं. वाचणारा माणूस मी नव्हेच. तिनेही कधी वाच म्हटलं नाही.

संपादकाने बायकोची सदराची वही मागितली. मी हात पुसून आणून दिली. शेवटच्या सदरासाठी अल्बमवर दीड पान लिहून झालं होतं, सिनेमावर एक पान. तिसऱ्या पानावर वर फक्त बिअरचं नाव होतं आणि खाली एक शब्द: शनिवारी. तो शनिवार तिला मिळाला नाही. बाटली अजून फ्रीजच्या दारात होती.

"शुक्रवारी दुपारी बाराला अंक छापायला जातो," संपादक म्हणाली. "शेवटचं सदर पूर्ण जावं असं मला फार वाटतं. बिअरचं कुणाकडून लिहून घेऊ का? एक बाई आहेत, बरं लिहितात."

"नको," मी म्हणालो. "तिच्या पानात दुसऱ्या कुणाची जीभ नको. मी बघतो."

"तुम्ही?"

तिने ते वाईट अर्थाने विचारलं नव्हतं, पण तिच्या भुवया वर गेल्याच. जाताना गेल्या दोन वर्षांच्या सदरांची फाइल टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, "तिची पद्धत लक्षात येईल."

बिअरची पद्धत मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. गेल्या वर्षी तिची औषधं सुरू झाली, तेव्हापासून आमचा दर शनिवारी दुपारी तोच उद्योग होता. ती दोन छोटे ग्लास काढायची. डॉक्टरांनी एक घोट चालेल म्हटलं होतं, म्हणून ती नुसते ओठ ओले करायची आणि दुसरा ग्लास माझ्यापुढे सरकवायची.

"हं, मेकॅनिक. कशासारखं लागतं?"

"चांगलं आहे."

"चांगलं-वाईट मी ठरवीन. तू कशासारखं, एवढंच सांग."

मग मी सुचेल ते सांगायचो. ओल्या पुठ्ठ्यासारखं. मोटर तापल्यावर वास येतो तसं. ती हसायची. मला वाटायचं, आजारी माणसाला तेवढीच करमणूक. सिनेमालाही ती मला शेजारी बसवायची. शेजारी म्हणजे, मी पडद्यासमोर आणि ती कोचाच्या टोकाला, माझ्याकडे तोंड करून. मी म्हणायचो, अगं, पडद्याकडे बघ ना. ती म्हणायची, माझं काम मला करू दे. गाणी मात्र ती एकटी ऐकायची, कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून. तिथे माझी गरज नसायची.

बुधवारी सुट्टी टाकून मी फाइल घेऊन बसलो.

पहिल्या काही महिन्यांतल्या बिअरमध्ये मध होता, संत्र्याची साल होती, पावाची भाजलेली कड होती. वाचायला छान होतं. मी कागदावर शब्द उतरवून घेतले. मग पुढे एका आठवड्यापासून मध अचानक गायब. त्या जागी लिहिलेलं होतं: 'लिफ्टच्या खड्ड्यात महिनाभर साठलेल्या पाण्याचा वास असतो तसा पहिला वास.' पुढच्या आठवड्यात: 'नव्या केबलचं वरचं कव्हर सोललं की जे नाकात जातं, तेच इथे जिभेवर येतं.' त्याच्या पुढे: 'दिवसभर घातलेल्या हातमोज्याची आतली बाजू.'

मी उठलो आणि पाणी प्यायलो. परत येऊन वाचलं. तेच होतं.

हातमोज्याचं मी बोललो होतो. इथेच, या खुर्चीवर बसून. मी सगळी फाइल उलटीसुलटी चाळली. वर्षभराची एकही बिअर अशी नव्हती की जिची चव माझ्या तोंडून गेलेली नाही. शेवटी ती स्वतःचं एक वाक्य घालायची: घ्या, घेऊ नका, पाहुणा आवडता असेल तर द्या. तेवढंच तिचं.

आधी मला बरं वाटलं. मग कसंतरीच वाटलं. माझा पान्यांचा डबा कुणीतरी न विचारता नेऊन वर्षभर वापरावा, आणि सगळी हत्यारं पुसून जागेवर ठेवावीत, तसं. रागावू म्हटलं तर कुणावर? आणि राग आला होता का, तेही नक्की कळेना. तिला स्वतःला काय लागत होतं मग? तिने माझं का लिहावं? जिला एके काळी संत्र्याची साल कळत होती, तिला खड्ड्यातल्या पाण्याची काय गरज पडली?

मी ठरवलं, काही असो, शेवटचं तिच्याच शब्दांत जायला हवं. तिच्या खऱ्या शब्दांत. बाटली न उघडताच मी कागदावरचे मध आणि संत्र्याची साल घेतले, त्यांत पावाची कड घातली आणि आठ ओळी तयार केल्या. अल्बम आणि सिनेमाचा मजकूर वहीतून जसाच्या तसा उतरवला, अर्थ बघत न बसता, आणि गुरुवारी सकाळी सगळं पाठवून दिलं.

तासाभरात फोन आला.

"काका, रागावू नका. बिअरचं तिचं वाटत नाही."

"तिचेच शब्द आहेत. तुझ्याच फाइलमधले."

"जुने आहेत. ते मध-बिध तिने कधीच सोडून दिलं होतं. गेल्या वर्षात तिची जीभ काय धारदार झाली होती! आमच्याकडे पत्रं यायची. एकाने लिहिलं होतं, हातमोज्याची आतली बाजू वाचून मी ती बिअर शोधत तीन दुकानं फिरलो."

"तिची जीभ म्हणजे..." मी म्हणालो आणि थांबलो.

"काय?"

"काही नाही. उद्या बारापर्यंत ना?"

मी फोन ठेवला. तिचे स्वतःचे शब्द तिचे नाहीत म्हणून परत आले होते, आणि माझी जीभ तिची ठरली होती. हे कुणाला सांगावं?

धाकटीला बोलावलं. ती माझी मेहुणी, बायकोहून आठ वर्षांनी लहान. औषधांच्या दुकानात काम करते. शुक्रवारी सकाळी कामावर जाण्याआधी आली, चप्पल काढता काढताच म्हणाली, "भावोजी, घरात पाइप उघडा ठेवून राहता? झुरळांना आमंत्रण दिलंय का?"

मी तिच्यापुढे फाइल ठेवली आणि बोटाने ओळी दाखवत गेलो. तिने दोन-तीन वाचल्या आणि फाइल मिटली. तिला आश्चर्य वाटलं नाही. तेच मला पहिल्यांदा खटकलं.

"तुला माहीत होतं?"

"ताईला काही लागत नव्हतं, भावोजी. औषधं सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिची चव गेली. वासही गेला. मला विचारायला आली होती, परत येईल का म्हणून. मी म्हटलं, कुणाची येते, कुणाची नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही तेव्हा स्वयंपाक करायला लागला होतात."

"मग?"

"मग काय? अंडं उकडता न येणारा माणूस पुस्तकं बघून बघून भाज्या करतोय. तो समोर बसून विचारतो, कसं झालंय? त्याला काय सांगायचं, पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागतंय?"

मी म्हणालो, "खोटं. तिला मीठ कळायचं. कमी असलं तर कमी सांगायची, बरोबर असलं तर बरोबर. एकदाही चुकली नाही."

"तुमचा पहिला घास होईपर्यंत ती खायची का?"

मी आठवून बघितलं. नाही खायची. ताट पुढे ओढायची, चमचा हातात धरायची आणि माझ्याकडे बघत बसायची. सिनेमाला बसायची तशीच.

"तुमच्या तोंडाकडे बघून सांगायची ती," धाकटी म्हणाली. "फक्त तुम्हाला सर्दी झाली होती त्या रविवारी फसली. तुम्ही आमटीत दोनदा मीठ घातलंत. तुम्हालाही कळलं नाही, तिलाही कळलं नाही. ती म्हणाली, अगदी बरोबर. मी तेवढी शहाणी, बेसिनकडे धावले."

तो रविवार मला आठवत होता. ती वाटीभर आमटी प्यायली होती. दुसऱ्यांदा मागून घेतली होती. वर्षभरातला माझा सगळ्यात चांगला दिवस म्हणून मी तो लक्षात ठेवला होता.

"आणि सिनेमे?" मी विचारलं. "डोळे तर नीट होते ना तिचे?"

"डोळ्यांना काय झालंय. पण तो रिपोर्ट हातात पडल्यावर तिला भुताची कसली भीती वाटणार? म्हणायची, समोर भूत येतं आणि मला त्याची दया येते. भीती कुठून आणू लिहायला?"

मी वही उघडली आणि सिनेमाचं पान पहिल्यांदा अर्थ लावून वाचलं. 'या सिनेमात माणूस तीन ठिकाणी दचकतो. चौथ्या ठिकाणी, जिथे रिकाम्या घरात कुणीच येत नाही, तिथे तो दचकत नाही. डोळे पुसतो, आणि विचारलं तर डोळ्यात काहीतरी गेलं असं सांगतो. आवर्जून बघा.'

ते पान मी बुधवारी स्वतःच्या हाताने उतरवलं होतं. हा माणूस कोण, असा प्रश्नसुद्धा मला पडला नव्हता.

"हे फसवणं झालं का गं?" मी विचारलं. "वाचणाऱ्यांना?"

"मला काय विचारता? मी गोळ्या विकते."

"आणि मला?"

तिने फ्रीज उघडला, बाटली काढली. "साडेदहा झालेत. ती बाई बाराला छापायला बसेल. ओपनर कुठेय?"

छोटे ग्लास मीच काढले, दोन्ही. बिअर गडद होती, वर फेस जवळजवळ नव्हताच. मी घोट घेतला. काही सुचेना. जिभेला कळत होतं, पण शब्द ज्या दारातून यायचे ते दार लागूनच राहिलं. डोक्यात एवढंच येत होतं की चांगली आहे. ते म्हणायला मला परवानगी नव्हती.

"तू विचार," मी धाकटीला म्हणालो.

"काय विचारू?"

"कशासारखं लागतं ते. आणि इथे नको बसू. त्या टोकाला बस. माझ्याकडे बघ."

"अहो, मला कामावर जायचंय," ती म्हणाली. पण टोकाला जाऊन बसली. "हं. कशासारखं लागतं?"

"जळकं," मी म्हणालो. "फ्यूज उडाल्यावर पॅनेल उघडतो तेव्हा असतं तसं. पण थोडंसंच."

"मग?"

"मग... लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते ना. आत माणसं असतात. आपण हाताने दार ओढून फट करतो, तेव्हा आतली कोंडलेली गरम हवा पहिल्यांदा तोंडावर येते. पावडरचा वास, घामाचा, कुणाच्या तरी पिशवीतल्या भाजीचा. तसं. सगळं एकदम. आणि लगेच जातं."

"आणि शेवटी?"

"शेवटी हाताला लोखंडाचा वास राहतो."

धाकटी खाली बघून वहीत लिहीत होती. मी सांगत होतो तेवढंच तिने लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. लिहून झाल्यावर तिने पेन उचललं आणि विचारलं, "खाली काय घालू? घ्या का नका घेऊ?"

ते मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. बिअर चांगली असावी. पण ते ठरवण्याचं काम माझं कधीच नव्हतं, आणि मी आज ठरवलं तर ते तिच्या नावावर गेलं असतं. मी धाकटीकडून पेन घेतलं आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं: 'गेलं वर्षभर या सदरातल्या बिअरची चव घरातला दुसरा माणूस सांगत होता. सिनेमात दचकणाराही तोच. चांगलं-वाईट मात्र ती ठरवायची. ही बिअर तिने चाखलेली नाही, म्हणून ती घ्यावी की घेऊ नये हे लिहिलेलं नाही.'

फोटो काढून अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पाठवला. संपादकाचा फोन लगेच आला नाही. पावणेबाराला आला.

"काका, हे छापू? खालच्या ओळींसकट?"

"छाप."

"लोक तिला नावं ठेवतील."

"ठेवतील का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "हातमोज्याची आतली बाजू तुम्ही?"

"मी."

"अरे देवा," ती म्हणाली, आणि ती हसत होती की रडत होती ते मला फोनवर कळलं नाही.

धाकटीने कामावर फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. घरात सकाळची भाजी होती, मीच केलेली. मी दोन ताटं वाढली. ती चमचा उचलणार, तेवढ्यात मी म्हणालो, "थांब. आधी तू खा."

तिने घास घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. वर्षभर ती समोर बसून माझ्याकडे असंच बघत होती; मला तसं बघता येत नाही. तिचं तोंड हळूहळू वाकडं झालं.

"भावोजी," ती म्हणाली, "मीठ घालायचं विसरलात तुम्ही."

मी मिठाची बरणी आणायला उठलो, आणि ओट्यापाशी जाऊन तसाच उभा राहिलो. किती घालायचं ते मला कळेना.