इथं तुमचं कुणी?

तिने खुर्ची खाटेपासून जरा लांब ओढून घेतली आणि ती बसली. संमतीपत्राच्या साक्षीदाराने रुग्णाला खेटून बसायचं नसतं, हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं.

या रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी घ्यायची तर डॉक्टरांचे कागद आधी तिच्या टेबलावरून जात. परवानगी कुणाची घ्यायची, नीतिसमितीपुढे काय मांडायचं, काय अजिबात चालणार नाही, सगळं तिला तोंडपाठ. तरुण डॉक्टर तिला पाठीमागे अटताई म्हणत. या चाचणीतही तिने एक अट घालायला लावली होती. रुग्णालयात काम करणाऱ्यांचे नातेवाईक घ्यायचे नाहीत. आपल्या माणसाची नोकरी सांभाळायला ते त्रास झाला तरी ब्र काढत नाहीत. डॉक्टरांनी बरीच कुरकुर करून ते मान्य केलं.

तेव्हा तिचा धाकटा भाऊ ठणठणीत होता.

आता तोच समोर पडला होता. जुनी औषधं सगळी करून झाली होती. अट बदलायची तर समितीची पुढची बैठक गाठावी लागली असती आणि हा रुग्ण फार दिवस काढेल असं वाटत नाही, असं डॉक्टर तिला सहज बोलता बोलता म्हणाले होते. तो तिचा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं.

डॉक्टरांनी चाचणीची सगळी माहिती वाचून दाखवली. मग विचारलं, "इथं तुमचं कुणी कामाला आहे?"

भावाने सरळ तिच्याकडे पाहिलं.

"छे. आमच्या घरात एवढं हुशार कुणी निपजलंच नाही."

डॉक्टर हसले. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"सगळं समजलं ना तुम्हाला?" तिने विचारलं. त्याला अहो-जाहो करायची तिची ही पहिलीच वेळ.

"समजलं, मॅडम."

त्याने संमतीपत्रावर सही केली. खाली साक्षीदार म्हणून तिने.

संध्याकाळी सलाईनमधून औषध सुरू झालं. ती वॉर्डच्या दाराशी फायली छातीशी धरून उभी राहिली. परक्या बाईला आत जायला काही कारण नव्हतं. काही होतंय का, असं नर्सने त्याला विचारलं. एकदम झकास, तुमच्या हातून औषध घेतल्यावर काय होणार, असं म्हणून त्याने नर्सला हसवलं.

चादरीवर त्याचा अंगठा मुठीत गच्च दाबलेला होता. लहानपणी हात मोडला तेव्हाही तो असाच मूठ आवळून घरभर खिदळत फिरला होता. आईलासुद्धा कळलं नव्हतं.

त्याने तिला दारात पाहिलं. मान किंचित हलवली. नको.

ती आत गेली.

"सिस्टर, औषध थांबवा. डॉक्टरांना बोलवा. त्याला सहन होत नाहीये."

"पण ते तर म्हणाले…"

"लपवतोय तो. मी बहीण आहे त्याची."

नर्सने नळीवरची चकती फिरवली. थेंब पडायचे थांबले.

भावाने तोंड भिंतीकडे वळवलं.

"ताई," तो म्हणाला, "अजून थोडं जाऊ द्यायचं होतंस गं."