अकरा नकार

गेल्या दीड वर्षात माझ्या अकरा कथा नाकारल्या गेल्या. जबलपूरच्या मराठी लेखकांत हा विक्रम असावा. आम्ही लेखक एकूण चार आहोत, त्यामुळे पडताळणं सोपं आहे.

आम्ही चौघं दर रविवारी सकाळी नेपियर टाउनमधल्या एका कोचिंग क्लासच्या खोलीत जमतो. क्लास योगेंद्रच्या मेहुण्याचा. योगेंद्र स्वतः रेल्वेत आहे. गाडी उशिरा सुटली तरी चालेल पण सुटली पाहिजे, असं त्याचं साहित्याबद्दलही मत आहे. पहिल्याच बैठकीत त्यानं पांढऱ्या फळ्याच्या कोपऱ्यात रकाने आखले: नाव, टार्गेट, पाठवलं, नकार. खाली हिंदीत लिहिलं, ‘कृपया न मिटाएँ’. छापून आल्याचा रकाना नव्हता.

"ते आपल्या हातात नाही न," तो म्हणाला. "पाठवणं आपल्या हातात आहे. नकार आला म्हणजे समजायचं, माणूस काम करून राहिला. ज्याला नकार, त्याला बाकीच्यांनी खव्याची जिलेबी खिलवायची."

मी वर्षाला बारा कथांचं टार्गेट घेतलं. योगेंद्रनं बारा घेतलं. दातांची डॉक्टर असलेल्या प्रणोतीनं सहा. अंजनी काकू म्हणाल्या, "एक."

"काकू, एक म्हणजे काही टार्गेट नाही झालं."

"मग काय झालं?"

"एक म्हणजे... एकच झालं."

"तेच लिही."

काकू बाहत्तर वर्षांच्या. शहपुऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, रोज बसनं जाऊन-येऊन. एक कथा त्या चार वर्षांपासून लिहीत होत्या.

माझं म्हणाल तर मी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांनी तयार केलेला माल मापात बसतो की नाही ते बघायचं आणि नसेल बसत तर परत पाठवायचा. अठ्ठावीस वर्षं झाली. चूक सापडली नाही तर मला वाटतं, आपलंच लक्ष नव्हतं. अशा माणसानं कथा लिहू नये. लिहिली तर निदान पुन्हा वाचू नये.

पहिली कथा पाठवायला तयार होती त्या रविवारी योगेंद्रनं विचारलं, "अच्युतजी, गेली?" संध्याकाळी पाठवणारच होतो, म्हणून म्हणालो, "गेली." त्यानं टिकमार्क केला. संध्याकाळी तिसऱ्या परिच्छेदात मला खोट दिसली. ती काढली तर पाचवा परिच्छेद लंगडा झाला. कथा राहिली.

बहुतेक मासिकांची सूचना असते की तीन महिन्यांत उत्तर न आल्यास साहित्य नाकारलं असं समजावं. न पाठवलेल्या कथेलाही तीन महिन्यांत उत्तर येत नाही. तारीख उलटल्यावर योगेंद्रनं स्वतःच लाल पेनानं माझ्या नावापुढे एक नकार लिहिला. मला दुसऱ्यांदा खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. प्रणोतीनं जिलेबी पुढे केली. गरम होती.

पुढच्या दहा नकारांना पहिल्याइतके कष्ट पडले नाहीत. कथा मात्र मी खरोखर लिहिल्या. अकराही लॅपटॉपमध्ये आणि फोनवर आहेत आणि प्रत्येकीच्या तिसऱ्या परिच्छेदात काही ना काही आहे.

या फेब्रुवारीत काकूंनी शाळेच्या वहीची सात पानं माझ्या हातात दिली.

"मला ते ईमेल-बिमेल जमत नाही. तू टाइप कर. तुझी पुढची जाईल तेव्हा हीपण सोड. तुला सवय आहे."

घरी येऊन मी ती वाचली. एक शिक्षिका रोज बसमध्ये शेजारच्या जागेवर रुमाल टाकून मैत्रिणीसाठी जागा धरते. मैत्रिणीची बदली होऊन तीन वर्षं झालीत. बसमधल्या सगळ्यांना ते माहीत आहे, तरी रुमाल कोणी उचलत नाही. एकदा शिक्षिकेलाच ताप येतो, ती येत नाही. त्या दिवशी कंडक्टर दोन्ही सीटवर आपला गमछा टाकतो. कथा तिथे संपते. मी तिसरा परिच्छेद दोनदा वाचला. काही सापडलं नाही.

त्याच रात्री टाइप केली. पण काकूंनी माझ्या कथेसोबत सोड म्हटलं होतं, आणि माझी अजून मापात बसत नव्हती. रविवारी योगेंद्रनं विचारलं, "काकूंची गेली?" मी मान हलवली.

मेमध्ये तीन महिने भरले. योगेंद्रनं काकूंच्या नावापुढे लाल एक लिहिला आणि टाळ्या वाजवल्या. काकूंनी जिलेबी घेतली, हळूहळू पूर्ण खाल्ली, हात पुसला आणि म्हणाल्या, "चलो, झालं माझं." पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. चार रविवार झाले.

मी हेमलताला सांगितलं. बायकोला सगळं सांगू नये असं म्हणतात, पण दुसरं कोणी ऐकणारं नव्हतं. ती इथल्याच गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारातून आणलेली भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "कारखान्यात माल न बघताच नापास करता का तुम्ही?"

"नाही."

"मग काकूंनी काय घोडं मारलं होतं?"

"मी जाईन रविवारी."

"आज शनिवार आहे. आजच जा."

काकू कूलरमध्ये पाणी भरत होत्या. "काहून रे, फोन न करता आलास?"

मी बादली त्यांच्या हातातून घेतली, ओतली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. बसून सांगितलं असतं तर कदाचित दुसरंच काही बोललो असतो. काकूंची गेली नाही, माझ्याही गेल्या नाहीत, अकराच्या अकरा.

काकू खुर्चीत बसल्या.

"म्हणजे कोणी वाचलीच नाही?"

"मी वाचली."

"कशी वाटली?"

हे त्यांना चार महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला दुसरं कोणी नव्हतंही. "माझ्या अकरांपेक्षा चांगली आहे."

"तुझ्या अकरा कोणी वाचल्या?" त्या म्हणाल्या. मग, "म्हणजे ‘नाही’ असं कोणी म्हटलंच नाही अजून."

"नाही."

त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. मला वाटलं, सुटलो. पण त्या उठल्या आणि वही घेऊन आल्या.

"मी महिनाभर विचार केला, कुठे चुकलं. चार वर्षं लिहिलेली गोष्ट, कोणी दोन ओळी लिहून कळवलंसुद्धा नाही. म्हणजे चूक मोठीच असणार. मग शेवट बदलला. वाच."

नव्या शेवटात शिक्षिका एके दिवशी रुमाल स्वतःच उचलते, घडी घालून पर्समध्ये ठेवते, आणि एका अनोळखी मुलीला म्हणते, बस बेटा. मुलगी बसते. बाहेर ऊन पडलेलं असतं.

"बरा आहे," मी म्हणालो.

"बराच आहे. कोणाला खटकणार नाही असा. संपादकाला आवडावा म्हणून केला." वही त्यांनी मिटली. "तो संपादक नव्हताच. मी तुझ्यासाठी माझ्या बाईला रुमाल उचलायला लावला, अच्युत."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आणि जिलेबी खाल्ली मी. शुगर आहे मला. तुम्ही सगळे टाळ्या वाजवून राहिले होते, नाही कशी म्हणणार?"

मी म्हणालो, "जुना शेवट पाठवू या. दिवाळी अंकाची शेवटची तारीख परवाची आहे."

"तुला खरंच चांगला वाटतो म्हणून जुना? की माझी समजूत काढून राहिला?"

मी विचार केला. कारखान्यात असं कोणी विचारत नाही. तिथे माप असतं. "नव्या शेवटात बाई शहाणी होते," मी म्हणालो. "जुन्यात बस शहाणी असते."

काकूंनी माझ्याकडे तपासल्यासारखं बघितलं. "ठीक आहे. जुना."

मी फोनवरूनच ईमेल लिहिला, टाइप केलेली कथा जोडली. त्यांनी तो माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, ‘नम्र विनंती’मधलं ‘नम्र’ काढायला लावलं, आणि पाठवायचं बटण त्यांनीच दाबलं. कथा गेल्यावर फोन उलटसुलट करून पाहिला. "बस? इतकंच?"

"इतकंच."

"आणि तू हे दीड वर्ष नाही करू शकला."

मी माझी एक कथा काढली. तिसरा परिच्छेद समोर आला. काकू शेजारी उभ्या होत्या. मी परिच्छेद वाचायच्या आत पाठवून दिली.

निघताना विचारलं, "उद्या याल?"

"तू तिथे सांगितल्यावर. आधी नाही."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. प्रणोती फळ्याकडे बघत राहिली. योगेंद्र म्हणाला, "अच्युतजी, मी खरंच नऊ पाठवल्या. तुम्हाला एवढे नकार येऊन राहिले होते, म्हणून मला आपल्या नकारांची शरम नाही वाटली. तुम्ही पाठवून राहिले, तर मी कोण न पाठवणारा?" त्यानं लाल पेन उचललं, परत ठेवलं. "आता मी कोणाकडे बघून पाठवू?"

मी डस्टर घेतलं आणि माझे अकरा पुसले. काकूंचा एक होता, तोही पुसला. ‘पाठवलं’ खाली दोघांच्या नावापुढे कालची तारीख लिहिली. योगेंद्रनं ती नीट वाचली, पण टिकमार्क केला नाही. म्हणाला, "फोन दाखवा." मी दाखवला. मग केला.

खाली येऊन काकूंना फोन लावला. "सांगितलं."

"काय म्हणाले?"

"योगेंद्रला वाईट वाटलं."

"वाटणारच." पलीकडे कूलर चालू होता. "त्यांना थांबव तिथेच. साडी बदलते. रविवारी ऑटोवाले भाव खातात, तूच ये घ्यायला."