‘हे खरे आहे काय’ टंकणारा मी

२ सप्टेंबर १९९६, सकाळी साडेदहा. आक्काताई कांबळे शाहूपुरीतल्या आमदार हंबीररावांच्या कार्यालयात आल्या आणि थेट माझ्यासमोर बसल्या. मित्रांनो, मी एक जुना मराठी टाईपरायटर आहे.

आक्काताईंची वाडी शाहूवाडी तालुक्यात, उंबरखोरे. वाडी आणि शाळेच्या मधे ओढा. त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, नव्हता. पहिलीतली नात संघप्रिया पावसाळाभर घरी बसायची.

“ल्ही धम्मपाल,” त्या आमदारांच्या सहायकाला म्हणाल्या, “सरकारला लाज हाय का न्हाय?”

“असंच टाईप करू, आक्का?”

“असंच! एक अक्षर गाळलंस तर बघ.”

त्यानं तसंच टंकलं. आमदारांनी न वाचता सही केली. महिन्याभरानं विधानमंडळातून कागद परत आला: प्रश्नात आरोप आहे, अस्वीकृत. प्रश्न पाठवायच्या मुदतीला चार दिवस उरले होते.

“म्हंजी तितं भांडायचं न्हाय व्हय?” पुन्हा आलेल्या आक्काताईंनी विचारलं.

“भांडायचं की!” धम्मपाल म्हणाला, “पण आधी इचारायचं.”

माझ्यावर नवा कागद चढला. ‘उंबरखोरे येथे साकव नसल्याने विद्यार्थी पावसाळ्यात शाळेत जाऊ शकत नाहीत, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली?’ धम्मपाल तो घेऊन स्वतः एसटीनं मुंबईला गेला.

सभागृहाची ही रीत मला फार आवडते. तारांकित प्रश्नांचा क्रम सोडतीनं लागतो. नाव पुकारलं की आमदारानं जागेवर उभं राहायचं आणि मंत्र्यानं सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात उत्तर मिळालं: ‘हे खरे आहे.’ उपप्रश्नावर मंत्री म्हणाले, वर्षभरात साकव बांधू. असा शब्द आश्वासन समितीकडे नोंदला जातो. मंत्री बदलले तरी तो पुसला जात नाही. माझ्या फितीतून उमटलेल्या दोन ओळींनी एवढं केलं!

२००१ साली संगणक आला आणि मी कपाटाखाली गेलो. फीत वाळली, कळांवर धूळ बसली.

जुलै २००५. भारनियमनामुळे संगणक बंद होता. आक्काताई आल्या, सोबत दहावीतली संघप्रिया. धम्मपालनं मला बाहेर ओढून पुसलं, नवी फीत घातली. मित्रांनो, जुनं यंत्र भंगारात टाकण्याआधी एकदा कळ दाबून बघत जा. माझी प्रत्येक कळ उठली.

“काय लिहू, आक्का? लाज हाय का न्हाय?”

“गप ल्ही. आश्वासनाला आठ वर्षं उलटूनही साकवाचे दोनच खांब उभे आहेत, हे खरे आहे काय?”

हंबीररावांनी या वेळी वाचून सही केली. प्रश्न मुंबईला पोचला आहे. सोडत अजून निघालेली नाही.