फांदीवर थांबलेलं पिल्लू

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. हसू नका, मित्रांनो! प्रोजेक्टर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे छताला टांगलेली ती पांढरी डबी आली असेल. ती माझी नात म्हणा हवं तर. मी अस्सल लोखंडाचा. मला उचलून वर्गात ठेवलं की शिपाईमामा कंबर धरून खाली बसायचे. माझ्या एका हातावर फिल्मचं भरलेलं रीळ, दुसऱ्यावर रिकामं, आणि मधून फिल्म माझ्या दिव्यासमोरून खडखडत पळायची. तो खडखडाट ऐकूनच मुलं टाळ्या पिटायची.

शाळेत आलो तेव्हा माझी काय बडदास्त होती! खुद्द मुख्याध्यापकांनी रुमालानं माझी काच पुसली. पण नव्याचे नऊ दिवस. चार वर्षांत माझा आवाज बसला, स्पीकरमधून नुसती खरखर येऊ लागली. दुरुस्तीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "त्याला बोलता येत नाही ना? मग मी बोलते की!"

तेव्हापासून चित्र माझं आणि गोष्ट बाईंची. एक हात माझ्या पाठीवर, दुसरा बटणावर. मुलांचे चेहरे बघून त्या सांगायच्या, त्यामुळे तीच फिल्म दर वर्षी निराळी व्हायची. मला तर वाटायचं, मी बाईंसाठीच जन्माला आलो.

माझं आणखी एक दुखणं होतं. दिव्याची आच फिल्मला लागू नये म्हणून माझ्या पोटात एक जाड काच होती, ती तडकून पडली. पळत्या फिल्मला त्याचा त्रास नव्हता, पण फिल्म थांबली की जळणार. म्हणून बाईंनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून माझ्या पाठीवर डकवली: 'मध्येच थांबवू नये.'

आणि मग ती मुलगी आली. दिवसभर "असं का? तसं का?" करून वर्ग डोक्यावर घ्यायची, म्हणून सगळ्यांनी तिचं नाव प्रश्नपत्रिका पाडलं होतं. तिची आई परगावच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि ही मावशीकडे राहायची.

त्या दिवशी पाखराच्या पिल्लाची फिल्म लागली होती. पिल्लू घरट्यातून बाहेर येऊन फांदीवर बसलेलं. समोरच्या फांदीवर त्याची आई चोचीत किडा धरून बसलेली. पिल्लू ओरडतंय, आई जागची हलत नाही. इतक्यात अंधारातून आवाज आला, "बाई, ती आई त्याला न्यायला का येत नाही?"

बाईंनी बटण दाबलं. फिल्म थांबली.

खरं सांगू? जाळली ती मीच. पडद्यावरच्या पिल्लाच्या पोटावर एक तपकिरी डाग आला, पसरला, मध्ये भोक पडलं. वास सुटला, मुलं किंचाळली. बाई घाबरून ओरडल्या, "मध्येच बोलायचं कशाला ते!"

बस, एवढंच वाक्य. पण त्या दिवसापासून प्रश्नपत्रिका कोरी झाली. बाईंनी नाना उपाय केले. तिनं चूक काढावी म्हणून फळ्यावर मुद्दाम चुकीची आकृतीसुद्धा काढली. पोरीनं ती मुकाट्यानं वहीत उतरवून घेतली! फिल्मचा जळका तुकडा कापून बाईंनी चिकटपट्टीनं जोड दिला. त्यानंतर पिल्लू एका क्षणी फांदीवर असायचं आणि दुसऱ्या क्षणी हवेत. मध्ये काय घडलं ते कुणालाच दिसायचं नाही.

पुढे व्हिडिओ आला, मग संगणक आला, आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. बाई निवृत्त झाल्या. जाताना खोलीत येऊन त्यांनी माझ्यावर चादर घातली. किती वर्षं गेली, मोजायला मला कुठे बोटं आहेत? त्या हाताची मात्र फार आठवण यायची.

एक दिवस चादर निघाली. समोर एक शिक्षिका उभी. डोळ्यांवरून ओळखलं मी, प्रश्नपत्रिका! खोली रिकामी करायची होती, मला भंगारात द्यायचं होतं. त्याआधी तिनं बाईंना बोलावून घेतलं आणि मला वर्गात आणवलं. माझा दिवा आता कुठेच मिळत नाही, म्हणून मी आपला बघ्या.

भिंतीवर भलामोठा पडदा होता आणि त्यावर तीच फिल्म! कुणीतरी जपून इंटरनेटवर ठेवलेली, अखंड, आवाजासकट. मला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला. मुलं मात्र म्हणत होती, "मॅडम, पुढे ढकला ना!" ती रोज असंच बघायची म्हणे, भराभर. प्रश्न कुणीच विचारत नसे.

पिल्लू फांदीवर आलं. मागच्या बाकावरून बाई म्हणाल्या, "थांबव."

प्रश्नपत्रिकेनं बटणावर ठेवलेला अंगठा उचलून घेतला.

"अगं, आता जळत नाही ना काही?"

"नाही, बाई."

"मग थांबवायला काय झालंय तुम्हा आजकालच्या लोकांना?"

चित्र थांबलं. "मॅडम, अडकलं का?" एकानं विचारलं. ती वळलीच नाही. पडद्याकडे बघतच म्हणाली, "बाई, तेव्हा माझ्यामुळे जळली ना फिल्म?"

बाई उठून माझ्याजवळ आल्या. पाठीवरच्या पिवळ्या चिठ्ठीवरून त्यांनी बोट फिरवलं. "तुझ्यामुळे थांबवली. जळली माझ्यामुळे. मला उत्तर येत नव्हतं गं. तुझी आई परगावी, आणि तू विचारतेस आई का येत नाही. ते ऐकून चित्र पुढे कसं रेटायचं? पण घाबरले आणि तुझ्यावरच ओरडले. चुकलं माझं."

ती लहान मुलीसारखी रडली. मग तिसऱ्या बाकावरची एक चिमुरडी हळूच म्हणाली, "मॅडम, त्या आईला पण भीती वाटतेय का?"

प्रश्नपत्रिकेनं डोळे पुसले. "मला नाही माहीत. तुला का वाटलं तसं?"

आणि मग काय, एका प्रश्नातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा! तास संपला, घंटा झाली, तरी पिल्लू फांदीवरच.

मला भंगारात दिलं नाही. वर्गाच्या कोपऱ्यात मला जागा मिळाली. मी आता कधीच खडखडणार नाही, हे मला कळतं. बाईंचा हात पुन्हा पाठीवर यावा असं मात्र रोज वाटतं.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो. माझ्या दिव्यासमोर चित्र थांबलं की जळायचं, तरी एका मुलीसाठी बाईंनी ते थांबवलं. तुमच्या हातातलं चित्र कितीही वेळ थांबवा, त्याला काही होत नाही. मग कुणी काही विचारलं, तर थांबवाल ना?